मिसळणाच्या डब्यातले आठ स्वर

पडदा वर जातो.

तमिळ मुलखात, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतली एक दुमजली इमारत. खालच्या मजल्यावर तीन लेथ चालू आहेत, त्यांची घरघर जमिनीतून तळपायाला लागते. वर एक लांबट खोली, दोन पंखे, आणि डावीकडच्या खिडकीतून येणारा पिवळा उजेड बरोबर टेबलावर पडलेला. टेबलावर दोनच वस्तू : मुठीचा आरसा आणि स्टीलचा मिसळणाचा डबा. टेबलामागे साठीला टेकलेली एक ठेंगणी बाई, गडद हिरवी सुती साडी, केसांत अबोलीचा गजरा. तिची तर्जनी स्वतःच्या हनुवटीखाली. समोर बाकांवर चौदा मोठी माणसं, इंजिनियर, हिशेबनीस, एक नर्स, आणि त्या चौदाही जणांची तर्जनी आपापल्या हनुवटीखाली.

"गोऽऽउ," बाई म्हणतात.

"गो," चौदा जण म्हणतात.

"बोट हललें काय?"

"नाही, टीचर."

"मग तुम्ही कोठेंच गेलां नाहींत. जागीच उभे राहिलांत. पुन्हा."

मी शेवटच्या बाकावर होतो. तीस-एक वर्षं संगीत नाटकं केली, महाराष्ट्रातल्या बहुतेक थिएटरांच्या विंगेत उभा राहिलो, पण असा प्रवेश मी पाहिला नव्हता. खरं तर मी तिथे सोबत म्हणून गेलो होतो. माझा मुलगा पुष्कर इथे एका मोटारींच्या कारखान्यात आहे. फोनवर परदेशातली माणसं त्याला तीन-तीनदा "पुन्हा सांगा" म्हणतात, म्हणून त्याने दर शनिवारचा हा वर्ग लावला होता. बायको गेल्यापासून मी त्याच्याकडे राहतो, आणि शनिवारी घरात एकट्याने काय करायचं, म्हणून मीही गेलो.

ही विद्यालक्ष्मी टीचर. इंग्रजीचे जोडस्वर शिकवणं हे तिचं एकोणीस वर्षांचं काम. बाकीचं इंग्रजी इतर शिक्षक शिकवायचे. तोंडाचा प्रश्न आला की मंडळी तिच्याकडे.

तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली. "तुम्ही उभे कां? खुर्ची देऊं काय? महाराष्ट्रांतून आलांत ना?"

मी दचकलोच. हे मराठी मी फक्त जुन्या नाटकांच्या संहितांमध्ये वाचलं होतं. ते कुणी बाई गिंडीत उभी राहून, तमिळ हेल काढून, सहज बोलते आहे! तिचं घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेलं. तिने पुणं कधी पाहिलं नव्हतं, लंडनही नाही. इंग्रजी ती लहानपणी रेडिओवर शिकली. वडील कचेरीत कारकून होते. ते संध्याकाळी इंग्रजी बातम्या लावायचे आणि ही रेडिओच्या जाळीला कान लावून बसायची.

"कागदावर अक्षरें दिसत, रेडिओवर दुसरेंच ऐकूं येई," ती म्हणाली. "मला वाटे, ह्या माणसाचें तोंड बोलतां बोलतां चालतें आहे. मग आईच्या आरशासमोर बसून पाहिलें. खरेंच चालत होतें, अण्णा!"

अण्णा हा शब्द तमिळमध्येही थोरल्या भावाला, मराठीतही. त्या दिवसापासून मी तिचा अण्णा झालो.

तिची सगळी पद्धत त्या चालण्यावर उभी होती. आपण मराठी माणसं 'गो' म्हणतो ते 'गोठा'तल्यासारखं. 'डे' म्हणतो ते 'डेरा'तल्यासारखं. तोंड एका जागी ठेवतो आणि मोकळे होतो. इंग्रज माणूस 'डे' म्हणताना ए-पासून निघतो आणि इ-च्या दारात पोचतो. 'गो' म्हणताना ओठ शेवटी गोळा होतात. असे आठ स्वर त्यांच्याकडे आहेत, निघतात एका ठिकाणाहून आणि पोचतात दुसऱ्या. हनुवटीखाली बोट ठेवलं की कळतं, आरसा धरला की दिसतं.

"आणि हें तुम्हांस नवीन नाहीं," ती पुष्करला म्हणायची. "ऐका म्हणा. सावकाश. अ, इ, का. पाहिलेंत? ऐ चालतो. गौरी म्हणा. औ चालतो. दोन तर घरचेच आहेत. सहा उरले."

"घरचे दोन चालतात हेच मला आज कळलं, टीचर."

"छत्तीस वर्षें चालवीत होतांत आणि पाहिलें नाहीं? सरी, सरी, असूं दे. आतां पाहा."

आता तो डबा. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात, हे कुणाला सांगायला नको. तिच्या डब्यात हळद-मोहरीच्या जागी कागदाचे कपटे होते. साबणाच्या वेष्टनावरून कापलेला 'सोप', बिस्किटाच्या पुड्यावरचा 'टोस्ट', तेलाच्या पिशवीवरचा 'ऑइल', तांदळाच्या पोत्यावरचा 'वेट', कॅलेंडरातला 'मे', जुन्या तिकिटावरचा 'ट्रेन'. प्रत्येक वाटीत एका स्वराचे शब्द. स्पेलिंग काही का असेना, कानाला सारखं लागलं की एकाच वाटीत. 'मे'मध्ये ए-वाय, 'ट्रेन'मध्ये ए-आय, 'वेट'मध्ये ई-आय आणि पुढे मुके जी-एच, 'ग्रेट'मध्ये ई-ए. चारही एका वाटीत गुण्यागोविंदाने. उलट 'स्लो' आणि 'टाउन', दोघांत तेच ओ-डब्ल्यू, पण वाट्या वेगळ्या.

नवा विद्यार्थी आला की ती सगळे कपटे टेबलावर उलटे करायची. "डोळे मिटा, मी वाचतें. कानाने वांटा." मग ती हळू, अगदी हळू, प्रत्येक शब्द म्हणून दाखवायची, स्वराचं निघणं वेगळं आणि पोचणं वेगळं. शेवटचा विद्यार्थी बरोबर वाटी दाखवीपर्यंत ती तो स्वर धरून ठेवायची. पहिल्याच दिवशी माझे तीन चुकले. बाहत्तराव्या वर्षी मला परीक्षेत नापास झाल्याचा इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

"वाट्या सात," मी विचारलं, "स्वर आठ. आठवा कुठे?"

तिने डब्यातला छोटा चमचा उचलला. त्यात एकच कपटा होता, प्रवासी बसच्या जाहिरातीवरून कापलेला 'टूर'. "हा टुअ. आतां तिकडचे लोकही फार म्हणत नाहींत. टॉ म्हणून सोडून देतात. रेडिओवर मी ऐकला होता, म्हणून ठेवला आहे."

पुढच्या सहा महिन्यांत मी एकही शनिवार चुकवला नाही. पुष्करला कामामुळे जमलं नाही तरी मी जायचो. घरी तो फोनवर बोलत असला की मी हनुवटीखाली बोट ठेवून त्याला खुणावायचो, आणि तो मला हाताने खोलीबाहेर जायला सांगायचा.

मग ऑगस्टमध्ये एका शनिवारी शेषाद्री सर वर आले. हे केंद्र त्यांचं. सरळ माणूस, बोलायला सुरुवात करण्याआधी चष्मा पुसायचा. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

ज्या कंपन्या आपली माणसं इथे शिकायला पाठवतात त्यांनी एक अट घातली होती. प्रत्येक शिक्षकाने यंत्राची उच्चारपरीक्षा द्यायची. संगणकासमोर बसून शब्द वाचायचे, मग एखाद्या विषयावर एक मिनिट बोलायचं, यंत्र गुण देतं. शंभरात ऐंशी हवेत. संधी दोन. ऐंशी मिळाले नाहीत तर वर्ग घेता येणार नाही.

"मग मी काय करूं?" विद्यालक्ष्मीने विचारलं.

"ऑफिसात जागा आहे, मॅडम. हजेरीपट बघायचा," शेषाद्री सर म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसू लागले.

ती हसली. तिला काळजी वाटली नाही, आम्हालाही नाही. इंग्रजीचे स्वर म्हणायची परीक्षा, आणि ती हिची! पुष्कर तर म्हणाला, "यंत्रच टीचरकडून चार गोष्टी शिकेल." त्याच दिवशी टीचरने आमच्यादेखत परीक्षा दिली, आणि गंमत म्हणून त्यानेही.

निकाल पडद्यावर आला. पुष्कर चौऱ्याऐंशी. विद्यालक्ष्मी एकसष्ट.

पुष्कर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. खालचे लेथ तेवढे चालू होते. ती पडद्याजवळ गेली, चष्मा कपाळावर चढवला आणि प्रत्येक ओळ वाचू लागली. व्यंजनं हिरवी. साधे स्वर हिरवे. जोडस्वर आठही लाल.

"आठही?" ती म्हणाली. "अय्यो. कां बरें?"

आवाजात रडं नव्हतं, खरंच प्रश्न होता. पण मला तिचे हात दिसत होते. तिने डब्याचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही, तिने पुन्हा काढून लावलं. दुसरी संधी पुढच्या शनिवारी होती.

तिचं घर आवडी नावाच्या उपनगरात. नवरा वेंकटराव तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. गिंडीहून लोकलने पार्क स्टेशनला जायचं, रस्ता ओलांडून सेंट्रल स्टेशन, तिथून आवडीची गाडी. मी तिला गिंडी स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ती एकच गोष्ट बोलत होती. माइक खराब असेल काय? माझे दात? वयाने आवाज बदलतो काय? मग म्हणाली, "की मीच एकोणीस वर्षें चुकीचें शिकवीत आलें?"

आम्ही फलाटावर उभे असताना पाठीवर मोठी पिशवी घेतलेली एक गोरी मुलगी धावत आली. तिला विमानतळाकडे जाणारी गाडी हवी होती आणि ती नेमकी उलट्या फलाटावर आली होती. समोरून तिची गाडी स्टेशनात शिरत होती.

"नो, नो, नॉट हिअर! दॅट साइड, ओव्हर देअर! डोन्ट वेट, गो नाउ!" विद्यालक्ष्मी म्हणाली.

मुलगी जिन्याकडे पळाली. गाडी मिळाली तिला. चढता चढता तिने हात हलवला.

मी मात्र तसाच उभा. हिअर, साइड, देअर, डोन्ट, वेट, नाउ. आठांतले सहा स्वर दोन श्वासांत येऊन गेले होते, आणि एकही मला पकडता आला नाही. वर्गात ज्या 'गो'ला आम्ही चौदा-पंधरा जण दोन्ही टोकांना धरून बघायचो, तो इथे पापणी लवावी तसा निघून गेला.

मला एकदम माझी स्वतःची फजिती आठवली. नाटक कंपनी बंद पडल्यावर मला एका मालिकेत आजोबांचं काम मिळालं होतं. पहिल्या दिवशी मी वाक्य म्हटलं आणि दिग्दर्शक म्हणाला, "काका, तुम्ही बाल्कनीतल्या शेवटच्या खुर्चीशी बोलताय. कॅमेरा इथे आहे, दोन फुटांवर." मी म्हटलं, मी साधंच बोलतोय. मला ते साधंच वाटत होतं. तीस वर्षं शेवटच्या खुर्चीला ऐकू जावं म्हणून बोललो, मग जवळच्या माणसाशी कसं बोलतात तेच विसरलो. ते काम दोन दिवसांत हातचं गेलं.

"विद्याबाई," मी म्हटलं, "तुम्ही यंत्रासमोर शिकवलंत."

"म्हणजे?"

"बोलला नाहीत. शिकवलंत. यंत्र काही वाटी दाखवणार नव्हतं, तरी तुम्ही त्याच्यासाठी थांबलात. आणि बोट हनुवटीखाली होतं. मी बघत होतो."

तिने हाताकडे पाहिलं. बोट आत्ताही हनुवटीखाली होतं. तिने ते पटकन खाली घेतलं. मग तिची गाडी आली आणि तिने ती सोडून दिली. आम्ही बाकावर बसलो. "पुन्हा सांगा," ती म्हणाली. "सगळें सांगा. त्या कॅमेऱ्याचें पण."

रविवारी पुष्करने फोनवर तिचा आवाज टिपला, आधी वर्गातला 'गो', मग गप्पांतला, आणि दोन्हींचे आलेख तिला दाखवले. वर्गातला जवळजवळ सेकंदभर लांब होता. गप्पांतला त्याच्या पाव हिश्श्याइतकाही नव्हता. ती त्या दोन रेघांकडे लहान मुलीसारखी बघत राहिली. "हा मी, आणि हाही मी?"

पण कळणं वेगळं आणि होणं वेगळं. आठवडाभर रोज संध्याकाळी मी केंद्रात तिच्यासमोर स्टुलावर बसायचो, दोन फुटांवर. ती काहीतरी सांगायची. पहिल्या दोन वाक्यांत ठीक, आणि मग एखादा 'हाउस' आला की चालली लांबवर, हा-पासून उ-पर्यंत गाव फिरून. मी हात वर करायचो.

"आलें काय पुन्हा?"

"आलं."

"नवरा म्हणतो, मी इंग्रजी बोलतांना खाट ओढल्यासारखें बोलतें. मी म्हणत होतें, त्याला काय कळतें! त्यालाच कळलें होतें, अण्णा."

भरभर बोलून पाहिलं, शब्द सांडले. बोट बांधून पाहिलं, म्हणजे रुमालाने खरोखर हात खुर्चीला बांधला, तर मान पुढे येऊ लागली. शुक्रवारी ती थकून म्हणाली, "पोदुम. पुरे. हजेरीपट बरा."

मी म्हटलं, "त्या फलाटावर तुम्हाला स्वर आठवला होता का?"

"नाहीं. ती मुलगी दिसत होती. तिची गाडी सुटेल हें दिसत होतें."

"मग उद्या कुणाला तरी बघा."

शनिवारी परीक्षा काचेच्या खोलीत होती. आत ती एकटी, कानांवर हेडफोन. बाहेर बाकावर मी, मांडीवर तिचा डबा. शब्दांचा भाग तिने पार पाडला, मला आतलं काही ऐकू येत नव्हतं. मग तिने पडद्यावर विषय वाचला, मान वर केली आणि काचेतून मला शोधलं. तिचा हात हनुवटीकडे निघाला. मी चटकन डबा बाजूला ठेवला आणि माझे दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन त्यांवर बसलो. ती क्षणभर बघत राहिली. मग तीही आपल्या हातांवर बसली. बाहत्तर आणि साठीचे दोन शहाणे, काचेच्या दोन बाजूंना, हातांवर बसलेले. शेषाद्री सरांनी चष्मा पुसायला काढला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.

ती बोलू लागली. माझ्याशी.

सहा महिने मी तिचे ओठ वाचायला शिकलो होतो. वर्गात तिचा आवाज बंद केला असता तरी मी आठही स्वर ओळखले असते, कुठला निघाला, कुठे पोचला. त्या दिवशी काचेआड तिचे ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, मध्येच ती कशाला तरी हसली, आणि मला एकही स्वर वाचता आला नाही. एकही नाही. मी प्रयत्न करून पाहिला. तेव्हा मी मांडीखालचे हात काढले. त्यांना मुंग्या आल्या होत्या.

निकाल आला. त्र्याऐंशी.

पुष्करने पहिली टाळी वाजवली. "टीचर, अभिनंदन! पण माझे चौऱ्याऐंशी आहेत."

"होय की. एक गुण तुम्ही जास्त. बसा, आधी घरचा अभ्यास दाखवा."

शेषाद्री सरांनी फळ्यावर तिचं नाव आणि तासाची वेळ स्वतः लिहिली. मग तिने पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचली, गेल्या वेळेसारखीच, चष्मा कपाळावर चढवून. जोडस्वर सात हिरवे. आठवा, टुअ, अजून लाल. ती त्यावर खुदकन हसली आणि डब्यातल्या चमच्याला बोटाने टिचकी मारली.

"काय सांगत होतात आत?" मी विचारलं.

"विषय प्रवास होता. त्या मुलीच्या गाडीचें सांगितलें. ती सुटली असती तर काय झालें असतें तें पण."

पाच वाजता वर्ग भरला. तीन नवी माणसं आली होती. तिने कपटे टेबलावर उलटे केले, आरसा उचलला, तर्जनी हनुवटीखाली ठेवली आणि म्हणाली, "गोऽऽउ." तसंच लांब, दोन्ही टोकं दाखवत, शेवटच्या बाकापर्यंत. एकसष्ट गुणांचं. नव्यांपैकी एका बाईची हनुवटी हलली आणि ती इतकी चकित झाली की तिने हात तोंडावर धरला.

तास संपल्यावर आम्ही जिना उतरत होतो. डबा तिच्या काखेत होता. खाली लेथ बंद झाले होते, त्यामुळे पावलं ऐकू येत होती. मधल्या पायरीवर ती थांबली, वर त्या काचेच्या खोलीकडे तिने बोट दाखवलं, आणि गाडीसाठी निघण्याआधी त्या दिवशीचं शेवटचं वाक्य मला म्हणाली :

"अण्णा, त्या यंत्रास पहिल्यांदा कोणी शिकविलें असेल? त्या टीचरने पण प्रथम सावकाशच म्हणून दाखविलें असेल ना?"